चौदावा प्रश्न

प्रश्न २०. शेवटच्या ट्रेलरपर्यंत ब्रेकची हवा पोचली आहे हे कसं ओळखाल? (अ) केबिनमधला काटा बघून. (ब) गाडीच्या अगदी मागे जाऊन, तिथला कॉक उघडून, हवेचा आवाज ऐकून. (क) ओळखायची गरज नाही.

"क," हर्मेलिंदा म्हणाली.

तिच्या एका हातात नवऱ्याच्या लघवीची बाटली होती. दुसऱ्या हाताने ती त्याच्या कमरेखालची चादर ओढून काढत होती. चादर घामाने अंगाला चिकटली होती. सोडवताना फडका फाटल्यासारखा आवाज झाला.

"थट्टा नको करूस," तिबुर्सिओ म्हणाला. परीक्षेचं पुस्तक त्याने छातीवर उपडं ठेवलं होतं. "ब आहे. मागं जायचं, कॉक उघडायचा."

"मागंच असते मी. दिवसभर गाईंच्या मागं."

ते खोटं नव्हतं. पहाटे चारपासून ती डेअऱ्यांचं शेण शेतांवर टाकून आली होती. एका ट्रेलरची गाडी ती नऊ वर्षं चालवत होती, लायसन्स होतं. आंघोळ केली तरी नखांच्या कडांना हिरवट रेघ उरायची आणि भाकरीचं पीठ मळताना ती रेघ तिला दिसायची. पण टोमॅटोला एक ट्रेलर चालत नाही. एकामागे एक दोन ट्रेलर ओढावे लागतात आणि त्याला वीस प्रश्नांचा वेगळा पेपर असतो. सोळा बरोबर यावे लागतात. पहिल्यांदा तिला चौदा मिळाले, दुसऱ्यांदा पंधरा. तिसरी आणि शेवटची खेप गुरुवारी होती. त्यात नापास झाली तर फॉर्म पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर शेतात टोमॅटोचा नुसता पाला उरलेला असणार.

शुक्रवारी सकाळी तिबुर्सिओच्या ट्रकवर ड्रायव्हर हवा, असा शेतावरच्या मुकादमाचा, सिल्व्हेराचा, निरोप होता. नसला तर टोमॅटोच्या कारखान्याच्या रांगेतली त्यांची जागा दुसऱ्याला. एकदा गेलेली जागा पुढच्या हंगामात परत मिळाल्याचं खोऱ्यात कुणी ऐकलं नव्हतं.

"पट्टी घे की," तिबुर्सिओ म्हणाला. तो हे रोज म्हणायचा. "सगळ्यांनी घेतली. मी घेतली. अकरा वर्षं चालवली ना गाडी?"

हर्मेलिंदाने बाटली उचलली. खाली तळाशी गढूळ साका बसला होता. "चालवलीस की," ती म्हणाली आणि ओतायला निघून गेली.


प्रश्न १९. दोन ट्रेलर ओढताना स्टिअरिंग झटक्याने फिरवलं तर काय होतं? (अ) मागचा ट्रेलर चाबकाच्या टोकासारखा फेकला जातो. (ब) आणि (क) तिला आठवत नव्हते. आठवायची गरज नव्हती.

पुलाजवळचं वळण तिच्या वाटेवरच होतं. शेणाचा ट्रेलर घेऊन ती रोज तिथून जायची आणि रोज काच वर करायची. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तिबुर्सिओचा मागचा ट्रेलर तिथे फेकला गेला. मग त्याने पुढच्याला ओढलं आणि पुढच्याने ट्रकला. पंचवीस टन टोमॅटो खड्ड्यात गेला. तिबुर्सिओच्या कमरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं. त्याला बाहेर काढणारी माणसं गुडघाभर लाल चिखलात उभी होती, आणि त्यातलं रक्त कुठलं हे कुणाला सांगता येत नव्हतं.

क्रेन दुसऱ्याच दिवशी ट्रक उचलून दुरुस्तीला घेऊन गेली. टोमॅटो मात्र कुणी उचलला नाही. तो आठवडाभर फसफसला, मग काळा पडला, त्यावर माश्यांचं घोंगडं बसलं. आता ऑगस्ट संपत आला होता. त्या घाणीतून टोमॅटोची रोपं उगवली होती. हिरवीगार, टवटवीत, वीतभर उंच.

हर्मेलिंदाला ती रोपं बघवत नसत. शेणाचं तिला काही वाटत नव्हतं. शेण शेणासारखं वागतं.

अपघात कसा झाला ते विचारलं की तिबुर्सिओ म्हणायचा, "वारा होता." कारखान्याचा माणूस म्हणाला, वेग होता. सिल्व्हेरा म्हणाला, झोप. त्या आठवड्यात तिबुर्सिओ घोड्यागत झोपत होता, हे हर्मेलिंदाला माहीत होतं. आणि वाऱ्याचं म्हणाल, तर जुलैत या खोऱ्यात पान हलत नाही.


प्रश्न १८. डॉली जोडल्यावर साखळ्या

"साखळ्या आधी की नळ्या आधी, त्याचं विचारतात," हर्मेलिंदा म्हणाली.

"ब," अबुंदिओ म्हणाला.

"ब म्हणजे काय?"

"ब म्हणजे ब, वहिनी."

अबुंदिओ हा तिबुर्सिओचा धाकटा भाऊ. मंगळवारी संध्याकाळी तो स्वतःच्या दोन ट्रेलरसकट अंगणात आला होता, तिला जोडणी शिकवायला. दोन ट्रेलरांच्या मधे एक दोनचाकी गाडं लागतं, त्याला डॉली म्हणतात. डॉलीचा दांडा पहिल्या ट्रेलरच्या मागच्या आकड्यात अडकवायचा आणि दुसरा ट्रेलर तिच्या पाठीवर बसवायचा. दांडा लोखंडी होता, उन्हात तापलेला. हर्मेलिंदाने तो फडकं धरून उचलला तरी तळहाताला चटका बसला. आकड्यात जुन्या टोमॅटोचा लगदा वाळून डिंक झाला होता. तो तिला बोटाने खरवडावा लागला. आत पांढऱ्या अळ्या होत्या.

"धुवत नाहीस का रे कधी?"

"उद्या परत घाण होणारच की." अबुंदिओ ट्रेलरच्या सावलीत बसून बियर पीत होता. "तू हे सगळं का करतीयस? पेपरात काय डॉली उचलायला लावतात का? पट्टी पाठ कर. म्हण माझ्याबरोबर. ब-अ-अ-क-ब. क-क-अ-ब-अ."

ती पट्टी म्हणजे कागदाचा एक चिटोरा होता, वीस अक्षरांचा. परीक्षेच्या कचेरीत पेपर वर्षानुवर्षं एकच. अबुंदिओने तो दहा-बारा वर्षांपूर्वी कुणाकडून तरी मिळवला होता आणि तेव्हापासून या भागात कुणालाही दोन ट्रेलरचं लायसन्स हवं असलं की तो बियरची पेटी घेऊन अबुंदिओच्या दारात यायचा. प्रश्न वाचायचा नाही, नुसती अक्षरं भरायची. वाचता येत नसलेलेही पास झाले होते.

"अ-ब-क-क-ब," अबुंदिओ चालीवर म्हणत होता, मांडीवर ठेका धरून. "अ-क-ब-अ-ब. हाय काय अन् नाय काय. पोरं झोपवायला पण चालतं."

हर्मेलिंदाने साखळी आकड्याखालून ओवली. ब्रेकच्या हवेची लाल नळी, निळी नळी. तिने ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. पण रात्रीच्या स्वैपाकाला मिरच्या भाजताना तिच्या लक्षात आलं, की आपण उलथण्याने तव्यावर ठेका धरलाय. ब-अ-अ-क-ब.

तिने उलथणं खाली ठेवलं. कुणीतरी न विचारता आपल्या तोंडात बोट घालून गेल्यासारखं वाटलं तिला.


प्रश्न १७. (क). हे तिला येत होतं. हा सोडून देऊ.

बुधवारी दुपारी तिने नापास झालेला दुसरा पेपर काढला. चुकलेल्या पाच प्रश्नांवर लाल फुल्या होत्या. कचेरीतली डर्लीन नावाची बाई फुल्या मारताना चौदाव्यापाशी थांबून हसली होती. "हा काही तुम्ही लोक सोडत नाही," असं म्हणाली होती. हर्मेलिंदाला त्या वेळी वाटलं होतं, आपल्या वाचण्याला हसली. तिचे कान तापले होते.

चौदावा प्रश्न: दोन ट्रेलर कमीजास्त वजनाचे असतील तर ट्रकच्या लगेच मागे कुठला जोडाल? तिने क लिहिलं होतं. हलका. दोन्ही खेपांना हलकाच. ते तिला पाठच होतं. अकरा वर्षं जेवताना, दाढी करताना, मुलीला शाळेत सोडताना तिबुर्सिओच्या तोंडी असायचं: हलका पुढं, जड मागं.

तिने पुस्तक उघडलं. बोट ठेवून, एकेक शब्द. सर्वांत जड ट्रेलर ट्रकच्या लगेच मागे असावा. हलका शेवटी. तिने पुन्हा वाचलं. खाली चित्र होतं. चित्रातही तेच होतं.

ती पुस्तक घेऊन पुढच्या खोलीत गेली. तिबुर्सिओ खिडकीला लागून असलेल्या पलंगावर पडून छताकडे बघत होता. त्याच्या पाठीला फोड झाले होते आणि खोलीत मलमाचा गोडसर वास होता.

"तिबु, त्या दिवशी पुढं कुठला ट्रेलर होता?"

"कुठल्या दिवशी?"

"माहितीय तुला."

त्याने चादर छातीपर्यंत ओढली. मग म्हणाला, "शेताचा शेवट होता. एक भरला होता, एक अर्धा. अर्धा पुढं लावला. बरोबरच लावला."

बहुतेक दिवस दोन्ही ट्रेलर सारखेच भरतात. कुठलाही पुढे लावा, फरक पडत नाही. शेत संपतं त्या दिवशीच फक्त एक अर्धा राहतो. हंगामात असे तीन-चार दिवस.

"बरोबर कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? परीक्षेतच आहे. चौदावा. क."

तिने पुस्तकातलं चित्र त्याच्यासमोर धरलं. तो बराच वेळ बघत राहिला. एक माशी त्याच्या ओठावर बसली, तरी त्याने हात हलवला नाही.

"छापताना चुकलं असेल," तो म्हणाला.


प्रश्न १६.

प्रश्न असा होता: अबुंदिओ, पट्टीवरचा चौदावा चुकीचा आहे, हे तुला माहीत होतं का?

तो त्याच संध्याकाळी, तिला सरावाला ठेवलेली डॉली परत न्यायला आला. हर्मेलिंदाने तिबुर्सिओची जुनी पट्टी हातात घेऊन त्याला अंगणातच गाठला, खिडकीखाली. त्याने आधी पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि दात दाखवले.

"तुला कळलं होय! हुशार आहेस, वहिनी. अकरा-बारा वर्षांत कुणाला कळलं नाही."

"माहीत होतं?"

"मीच टाकलाय तो. अगं, सगळ्यांना वीसपैकी वीस मिळायला लागले तर कचेरीतल्या गोऱ्या बाईला वास नाही का यायचा? एक चुकीचा पाहिजे. एकोणीस म्हणजे कसं, खरं वाटतं. अभ्यास केल्यासारखं."

"पण चौदावाच का?"

अबुंदिओने खांदे उडवले. "असंच. तेरावा अपशकुनी. म्हणून चौदावा." त्याने बियरचा शेवटचा घोट घेतला. "एका अक्षरानं काय होतंय? सोळाला पास करतात."

"लोक ते खरं धरतात, अबुंदिओ. परीक्षेत आहे म्हणून तसंच जोडतात."

"जोडतात तर जोडू देत. गाडी हाकणाऱ्याला अक्कल नको? पट्टी पास व्हायला दिली, डोकं चालवायला नाही."

"तू कुठला लावतोस?"

"काय?"

"तू स्वतः. शेत संपतं त्या दिवशी. पुढं कुठला लावतोस?"

तो हसायचा थांबला नाही, पण हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे बाजूला गेले. "जड," तो म्हणाला. "मला माहितीये ना."

हर्मेलिंदा त्याच्या मनगटाकडे बघत होती. मनगटावर केसांमधे टोमॅटोची एक बी चिकटून वाळली होती. तिला वाटलं, आता आपण थुंकणार. थुंकली नाही. तोंड कोरडं पडलं होतं.

खिडकीच्या जाळीमागे पलंग करकरला. अबुंदिओने वर पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"तिबु, जागा आहेस का रे?"

आतून बाटली फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. अबुंदिओने डॉली ट्रकच्या आकड्याला लावली, साखळ्या न घालताच, आणि निघून गेला.

त्या रात्री तिबुर्सिओ जेवला नाही. पाठीला मलम लावताना फक्त एकदा म्हणाला, "जोरात लाव."


प्रश्न १५. वेळ: चाळीस मिनिटं. पेन्सिल कचेरीची, टोक चावलेली. तिच्याआधी कुणीतरी चावलेली.

पेपर तोच होता. तिने पहिला प्रश्न वाचायला घेतला आणि वाचून व्हायच्या आत डोक्यात ब वाजला. दुसरा. अ. तिसरा. अ. मांडीवर ठेका. ती अक्षरं खरी होती, एक सोडून सगळी खरी होती. ती तशीच भरली असती तर एकोणीस. पंधरा मिनिटांत घरी.

पण मग तिला आपल्याला काय येतं आणि काय नुसतं वाजतं, ते कधीच कळलं नसतं. आणि शुक्रवारी गाडीत ती एकटीच असणार होती.

तिने पेपर शेवटून सोडवायला घेतला. म्हणजे विसावा आधी. मग एकोणिसावा. चाल मोडली. उलटं गाणं म्हणता येत नाही. एकेका प्रश्नाला तिला थांबावं लागलं, हातात तापलेला दांडा धरावा लागला, लाल नळी, निळी नळी, साखळी कुठून कुठे. सतराव्याला ती घामाघूम झाली. पंधराव्याला शेजारचा माणूस उठून गेला. चौदाव्याला तिने अ, म्हणजे जड, लिहिलं, इतकं दाबून की कागदाला भोक पडलं.

डर्लीनने पेपर तपासला. लाल पेन्सिल खालपर्यंत गेली आणि कुठेच थांबली नाही. तिने पुन्हा वरून सुरुवात केली.

"वीस," ती म्हणाली. भुवया वर. "बॅग उघड बघू."

हर्मेलिंदाने बॅग उघडली. डर्लीनने आतला रुमाल, पोळ्यांचा डबा आणि मलमाची ट्यूब टेबलावर मांडली. ट्यूबचं झाकण काढून हुंगून बघितली आणि नाक मुरडलं.

"बाह्या वर कर."

हर्मेलिंदाने बाह्या वर केल्या. तळहाताला दांड्याचा चटका बसलेला होता, त्याला पाणी धरलं होतं. डर्लीनने त्याला हात लावला नाही.

"चौदावा बरोबर," ती म्हणाली. "तुमच्या भागातली तू पहिलीच. बाकी सगळ्यांचा क असतो. सगळ्यांचा. दहा वर्षं बघतीये मी."

"दहा वर्षं माहीत आहे?"

"माहीत म्हणजे काय? दिसतं."

"मग कुणाला सांगितलं का नाही?"

डर्लीनने शिक्का उचलला, शाईच्या डब्यावर दाबला. "माझं काम तपासायचं," ती म्हणाली. "शिकवायचं नाही."

शिक्का ओला होता. अर्धवट उमटला. पण लायसन्स मिळालं.


प्रश्न १४.

शुक्रवारी शेत संपलं. नेमकं शुक्रवारीच.

दुपारी दोनला एक ट्रेलर काठोकाठ भरून बांधावर उभा होता, दुसरा अर्धा. अर्धा जवळ होता, भरलेला लांब, धुरळ्यात. ऊन असं की ट्रेलरमधले वरचे टोमॅटो तडकत होते आणि खालून पाणी गळत होतं. रस तिच्या बुटांत गेला. चालताना बूट चपकचपक करत होते.

"तो जवळचा जोड आणि निघ," सिल्व्हेरा ओरडला. जीपमधून न उतरता.

"भरलेला पुढं लावते. अदलाबदल करावी लागेल."

"रांग थांबलीये, बाई!"

"थांबू दे."

सिल्व्हेराने जीपच्या दारावर थाप मारली. "तुम्ही नवरा-बायको सारखेच! वेळ खायला जन्मलात!"

मागच्या ट्रकमधून एका तरण्या ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "मामी, उलटं करताय! परीक्षेत हलका पुढं आहे!"

"परीक्षा मी काल दिली," ती म्हणाली. "जड पुढं."

"माझा क होता, अन् पास झालो!" तो हसला आणि त्याच्या मागचे दोघंही हसले. एकाने भोंगा वाजवला. मग सगळ्यांनी वाजवला.

अर्धा ट्रेलर बाजूला काढून ठेवायचा. भरलेल्याकडे ट्रक मागे न्यायचा, जोडायचा. मग डॉली. फोड फुटला आणि दांड्याला पाणी लागलं. साखळ्या. लाल, निळी. शेवटी ती गाडीच्या अगदी मागे गेली आणि कॉक उघडला. हवा सुटली. तिच्याबरोबर नळीतला आंबलेला रस आणि दोन माश्या तिच्या तोंडावर आल्या. तिने बाहीने तोंड पुसलं. हवा शेवटपर्यंत येत होती. तिने कॉक बंद केला.

पुलाच्या वळणावर तिने वेग पार कमी केला. आरशात मागचा ट्रेलर निमूट येत होता. खड्ड्यातल्या रोपांना पिवळी फुलं आली होती.

कारखान्याच्या वजनकाट्यावर ती रांगेत उभी राहिली आणि पुढच्या गाड्यांची मागची चाकं बघत बसली. ज्या गाड्यांची मागची चाकं जास्त बसली होती, म्हणजे जड मागं होता, त्या तिने मोजल्या. चार. तिने खाली उतरून दोघांना सांगितलं. एकाने काच वर केली. दुसरा म्हणाला, "अबुंदिओला विचारतो."

घरी आली तेव्हा ऊन कललं होतं. तिबुर्सिओ जागा होता. त्याने आधी तिच्या बुटांकडे बघितलं, मग चेहऱ्याकडे.

"शेत संपलं?"

"हो."

"अर्धा राहिला असेल एक."

"हो. अदलाबदल केली. सिल्व्हेरा बोंबलला. म्हणाला, तुम्ही नवरा-बायको सारखेच."

बाटली भरली होती. ती घ्यायला हर्मेलिंदा वाकली.

"किती वेळ लागला?"

"चाळीस मिनिटं."

"मलापण चाळीसच लागली होती," तो म्हणाला.

ती वाकलेलीच राहिली.

"त्या दिवशी जड जवळ होता. ट्रकच्या बरोबर मागं उभा. हलका लांब होता, बांधाच्या पलीकडं." तो छताकडे बघत, सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलत होता. "सिल्व्हेरा म्हणाला, आहे तसा जोड अन् निघ. मी म्हटलं, नाही. परीक्षेत आहे तसंच करणार. जड काढला. चाळीस मिनिटं उन्हात घातली, हर्मे. हलका पुढं आणला."

हर्मेलिंदाने बाटली उचलली. ती गरम होती. मोरीपर्यंत जाऊन तिने ती ओतली, धुतली, पुन्हा धुतली. मग नळ तसाच सोडून तिने बूट काढले. आत रस होता, बिया होत्या. ती मोरीच्या कडेला बसली आणि बोटांच्या बेचक्यांतून एकेक बी काढू लागली.